मावशीचं घर पुतण्याच्या नावावर करायचं चाललंय, एटीएम कार्डही त्याच्याकडेच. मी नक्की काय करू?

कडुनिंब

कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा, दोन आठवडे झाले मला नीट झोप नाहीये. माझी मावशी, वय ७६, काका सहा वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही. तिला फॅमिली पेन्शन येते, काकांनी ठेवलेल्या दोन-तीन एफडी आहेत आणि राहता फ्लॅट, तो काकांच्या मागे तिच्या नावावर झालाय. चार वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा काकांचा पुतण्या तिच्याकडे राहायला आला. तेव्हा त्याने खूप केलं, हे मी नाकारणार नाही. दवाखाना, औषधं, रात्रीचं उठणं, सगळं. मी दुसऱ्या गावात, नोकरी, लहान मुलं, मला जमलं नसतं.

पण आता गेले वर्षभर काहीतरी बदललंय. मी फोन केला की फोन तोच उचलतो, मग स्पीकरवर देतो. एटीएम कार्ड त्याच्याकडे, पिन त्याला माहीत, बँकेचे मेसेज त्याच्या नंबरवर. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा पासबुक सहज हातात घेतलं तर शेवटची एंट्री चौदा महिन्यांपूर्वीची, आणि त्याच्या आधीच्या पानावर दर चार-पाच दिवसांनी दहा-दहा हजार काढलेले. मावशीचा खर्च एवढा नाहीच हो. तिच्या चष्म्याची एक काडी तुटलीये, तिथे दोरा बांधून ती तसाच कानाला अडकवते. मी म्हटलं दुरुस्त का नाही केला, तर म्हणाली "जाऊ दे गं, उगाच पैसे मागायला नको वाटतं". स्वतःचे पैसे, मागायला नको वाटतं. मला तिथे रडूच आलं पण मी दाखवलं नाही.

आणि निघताना तिने हळूच सांगितलं की पुढच्या महिन्यात रजिस्ट्रेशनला जायचंय, घराचं बक्षीसपत्र करायचंय, "तो म्हणतो नंतर तुला त्रास नको". कागद वाचलास का विचारलं तर म्हणे चष्म्याने नीट दिसत नाही, त्याने सांगितलं काय आहे ते.

मला त्या घरातलं काही नको, मी पुतण्याच्या विरोधातही नाही. पण हे बरोबर चाललंय असं वाटत नाही आणि मी बोलले तर तो मला घरात येऊ देणार नाही, मग तिच्याजवळ कोणीच नाही. कुठे जायचं, कोणाला विचारायचं, पोलिस की बँक की वकील, काहीच कळत नाहीये.

जुनी_वही

ताई, मी बँकेत तेहतीस वर्षं होतो, त्यातली बरीचशी कॅश काउंटरला. तुम्ही लिहिलंय तसं चित्र मी शेकडो वेळा बघितलंय. म्हातारं माणूस काउंटरला येतं, आपण विचारतो "आजी, किती काढायचे?" आणि त्या आधी बरोबर आलेल्याकडे बघतात, मग आकडा सांगतात. ते बघणं एकदा ओळखता यायला लागलं की विसरता येत नाही. मी अशा वेळी बरोबरच्या माणसाला झेरॉक्स आणायला बाहेर पाठवायचो आणि तेवढ्यात परत विचारायचो. कधीकधी आकडा बदलायचा.

आता कामाचं. पहिलं म्हणजे खातेदार मावशी आहेत, त्यामुळे तुम्ही बँकेत जाऊन कितीही सांगितलंत तरी बँक तुम्हाला शिल्लक सांगणार नाही आणि कार्डही बंद करणार नाही, यात त्यांचा दोष नाही. मावशींना घेऊन जायला हवं, किंवा त्यांचं वय सत्तरच्या वर आहे म्हणजे बँकेचा माणूस घरी येऊ शकतो, सत्तरीपुढच्यांना मूलभूत सेवा घरपोच द्यायच्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय. मॅनेजरला भेटून विचारा, काउंटरला विचारून परत येऊ नका.

तिथे गेलात की सगळ्यात आधी मोबाईल नंबर बदला. लोक आधी कार्ड ब्लॉक करतात आणि नंबर तसाच ठेवतात, मग नवीन पिनचा ओटीपी पण त्याच माणसाकडे जातो. नंबर मावशींचा, साधा बटणाचा फोन असला तरी चालतो, मेसेज येण्याशी मतलब. मग कार्ड. मग पासबुक पूर्ण भरून घ्या, चौदा महिन्यांचं, जुनी पानं असतील तर स्टेटमेंट मागा. आणि हे विचारायला विसरू नका की एफडीवर कर्ज काढलंय का, कारण एफडीची पावती कपाटात सुरक्षित दिसते आणि तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतलेला असतो, घरच्यांना मुदत संपल्यावर कळतं.

अजून एक, आणि हे मी सगळ्यांनाच सांगतो. खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" केलंय का बघा. सोयीसाठी म्हणून नाव घातलं जातं, पण तसं खातं असलं की दुसरा एकट्याच्या सहीने सगळं काढू शकतो, आणि बँकेच्या लेखी ती चोरी नाही. नुसतं नॉमिनी असेल तर घाबरू नका, नॉमिनीला मावशी असेपर्यंत एक रुपया काढता येत नाही.

माझ्या स्वतःच्या आईचं मी असं केलं होतं की पेन्शनचं खातं वेगळं ठेवलं, त्याला कार्डच घेतलं नाही, आणि महिन्याच्या खर्चापुरती रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जायची, त्या खात्याचं कार्ड आईला सांभाळणाऱ्या बाईंकडे. काही गडबड झालीच तर ती त्या महिन्यापुरती. मावशींना सही जमत नसेल, हात थरथरत असेल तरी अडत नाही, अंगठ्यावर पैसे काढता येतात, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असतो. हे लोकांना माहीत नसतं म्हणून "आता तिला सही येत नाही, मलाच करू दे" असं म्हणत सगळं हातात घेतलं जातं.

रानवाट

बक्षीसपत्र थांबवा. बाकी सगळं नंतर, आधी ते थांबवा.

आमच्या वडिलांनी केलं होतं, मोठ्या भावाच्या नावावर. मुलाच्या नावाने राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, म्हणून भाऊ म्हणाला आत्ताच स्वस्तात करून टाकू, पुढे मृत्युपत्राची भानगड नको. वडिलांना वाटलं घर तर मुलाचंच आहे, कागदाने काय फरक पडतो. मी पण हो म्हटलं. मी तिथे साक्षीदार म्हणून सही केलीये, हे मला आजही बोचतं.

आठ महिन्यांनी भावाने पुढची खोली भाड्याने दिली आणि वडिलांची कॉट गॅलरीत गेली. मारहाण नाही, शिव्या नाहीत, जेवायला वेळेवर. पण त्यांच्या खिशात किल्ली असायची घराची, चाळीस वर्षं असायची, कुलूप बदललं आणि नवी किल्ली त्यांना दिली नाही. ते संध्याकाळी फिरून यायचे आणि दारासमोर उभं राहून सवयीने खिसा चाचपायचे. मी एकदा लांबून बघितलं ते.

मग आम्ही प्रांत ऑफिसला गेलो, तिथे ज्येष्ठांचं न्यायाधिकरण असतं, अर्ज साध्या कागदावर केला, वकील लावला नाही. अधिकारी चांगले होते, वडिलांना समोर खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. पण बक्षीसपत्रात "सांभाळायच्या अटीवर देत आहे" असं एक अक्षर नव्हतं. प्रेमापोटी आणि स्वखुशीने, एवढंच. त्यामुळे घर परत मिळालं नाही. महिन्याला निर्वाह भत्ता मंजूर झाला, आणि त्या घरात राहण्यापासून अडवायचं नाही असं भावाने लिहून दिलं. वडील त्यानंतर दोन वर्षं होते. किल्ली मिळाली त्यांना शेवटी.

म्हणून सांगतोय, सही होण्याआधी तुमच्या हातात सगळं आहे, सही झाल्यावर फार थोडं उरतं.

तळटीप

मी वकिली करते, दिवाणी कामं जास्त. रानवाट यांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे, त्यातलं कायद्याचं थोडं सोडवून सांगते कारण इथे लोक अर्धवट माहितीवर जातात आणि अडकतात.

२००७ चा पालक आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, त्याचं कलम २३. ज्येष्ठ व्यक्तीने आपली मालमत्ता "घेणाऱ्याने माझ्या मूलभूत गरजा भागवाव्यात" या अटीवर दिली आणि त्याने ते केलं नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानून न्यायाधिकरण रद्द करू शकतं. घेणारा मुलगाच असला पाहिजे असं नाही, पुतण्या असला तरी हे कलम लागतं. पण अट हवी. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अट होती हे दाखवता आलं नाही तर या कलमाचा उपयोग नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायचा, आणि त्या आईला घर परत मिळालं, पण तिथेही सांभाळण्याबद्दलचा मजकूर कागदावर होता. त्यामुळे "२०२५ नंतर अट नसली तरी चालतं" असं जे व्हॉट्सॲपवर फिरतंय त्यावर विसंबू नका.

आता मावशींबद्दल. त्यांना खरोखरच पुतण्याला घर द्यायचं असेल, आणि त्याने सेवा केलीये म्हणून तसं वाटणं चूक नाही, तर मृत्युपत्र करा. मृत्युपत्र त्या हयात असेपर्यंत कधीही बदलता येतं, फाडून नवीन करता येतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करा), दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला मिळणार त्यालाच साक्षीदार करू नका. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की त्या दिवसापासून मालक तो, मावशींचं मन बदललं म्हणून ते परत घेता येत नाही. पुतण्याच्या मनात खोट नसेल तर त्याला मृत्युपत्रावर हरकत असायचं कारण नाही. आणि तसंही मृत्युपत्र केलं नाही तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याकडून आलेलं घर नवऱ्याच्याच वारसांकडे जातं, कडुनिंब ताईंकडे नाही, त्यामुळे कोणी तुमच्यावर "घरावर डोळा आहे" म्हणालं तर हे शांतपणे सांगा.

बक्षीसपत्रच करायचा हट्ट असेल तर दोन गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत. एक, सांभाळण्याची अट, आणि न सांभाळल्यास रद्द होईल हे स्पष्ट शब्दांत. दोन, मावशींचा हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क. मसुदा मावशींनी स्वतः वाचावा किंवा पुतण्याशी संबंध नसलेल्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावा. आणि हे फार महत्त्वाचं, दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठे घेतात तेव्हा "हा दस्त तुम्ही करून दिला, मान्य आहे का" असं विचारतात. तिथे मावशी नाही म्हणाल्या तर नोंदणी होत नाही. त्या खुर्चीपर्यंत गेल्यावरही नाही म्हणता येतं, हे त्यांना माहीत असू द्या.

वकिलाचे पैसे नसतील तर अडू नका. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, फोन १५१००. न्यायाधिकरणात अर्ज मावशींनीच करावा लागतो, त्यांना शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत, फार तर अजून ३०, निर्वाहाचा अर्ज निकाली काढायचा असतो. कायद्याने भत्ता महिना १०,००० च्या वर जात नाही. कोणतंही कुलमुखत्यारपत्र दिलंय का तेही विचारा, दिलं असेल तर मावशी ते लेखी रद्द करू शकतात आणि त्याची प्रत बँकेला द्यायची.

नवा_सदस्य

१४५६७ वर फोन करा, ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट. माझ्या आजोबांसाठी केला होता, त्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचा संपर्क जुळवून दिला. आणि फोन दुसऱ्याच्या हातात असतो म्हणालात तर ऑनलाइन काही गेलंय का तेही बघून घ्या, तसं असेल तर १९३०, ती ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाइन, जितक्या लवकर तितकं बरं.

ओसरी

मी वाचतेय आणि मला थोडं वेगळं लिहावंसं वाटतं, कोणी रागावू नका. माझ्या सासूबाईंचं कार्ड पण माझ्याकडे आहे. पिन मला माहितीये. त्यांना विसरायला होतं, दोनदा पिन चुकला आणि मशीनने कार्ड अडकवलं, तेव्हापासून मीच काढते. रात्री तीनदा उठवतात, डायपर, औषधं, नणंदा वर्षातून एकदा येतात आणि आल्या की पहिलं पासबुक उघडतात. त्या क्षणी जे वाटतं ते सांगता येत नाही. सेवा दिसत नाही कोणाला, पासबुक दिसतं.

तेव्हा कडुनिंब, जाऊन एकदम "पैसे कुठे गेले" असं विचारू नकोस. तो चोर असेल किंवा नसेलही. दहा हजार दर चार दिवसांनी हे मलाही जास्त वाटतंय, माझा अख्ख्या महिन्याचा सासूबाईंचा खर्च त्याच्या दुप्पटसुद्धा होत नाही. पण आधी हिशोब माग, आणि असा माग की मदत वाटेल. मी एक शंभरपानी वही केलीये. काढले की तारीख, रक्कम, कशासाठी, औषधाची बिलं मागच्या पानाला पिन करून. रविवारी सासूबाईंना वाचून दाखवते, त्यांना अर्धं कळत नाही पण ऐकतात, आणि कधी कधी म्हणतात "एवढं महाग झालं का गं हे". त्यांना विचारता येतं ना, ते महत्त्वाचं. नणंदा आल्या की वही पुढे ठेवते. ज्याच्या मनात काही नाही त्याला वही लिहायला त्रास होत नाही, कंटाळा येतो फक्त.

तू पण एखादा भार उचल त्याचा. पंधरा दिवस मावशीला तुझ्याकडे ने, त्याला सुट्टी दे. सुट्टी म्हटल्यावर खूश झाला तर एक गोष्ट, घाबरला तर दुसरी.

कडुनिंब

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ओसरी ताई तुम्ही लिहिलेलं वाचून मला स्वतःची लाज वाटली थोडी, मी चार वर्षांत तिला एकदाही आठ दिवसांसाठी आणलेलं नाही.

पण एक अडचण आहे. मी मावशीला फोनवर (तो कामावर असताना, शेजारच्या काकूंच्या फोनवरून) हलकेच विचारलं की बँकेत जाऊया का, तर ती घाबरली. म्हणाली "त्याला कळलं तर तो जाईल सोडून, मग मला रात्री पाणी कोण देणार". तिला तक्रार करायची नाहीये. तिला काहीच करायचं नाहीये. तिचं डोकं अगदी शाबूत आहे, विसरभोळी नाही, तरी असं म्हणते. मग मी काय करायचं, तिच्या मनाविरुद्ध पोलिसात जायचं का?

पारावरचा

मुली, माझं वय ७१, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी नऊ वर्षं हेच काम करतोय, घरी जाऊन भेटायचं. तुझ्या मावशीचं वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. त्याला उत्तर कायद्याने मिळत नाही. तिला पैशाची भीती नाहीये, रात्रीच्या पाण्याची भीती आहे. ती भीती आहे तोवर ती कशावरही सही करेल, आणि तू उद्या पोलिस घेऊन गेलीस तर ती पोलिसांना सांगेल की माझी काही तक्रार नाही, आणि तुझं येणं बंद होईल. तिचं डोकं शाबूत आहे म्हणतेस, मग निर्णय तिचा, तू कितीही बरोबर असलीस तरी. मारहाण, कोंडून ठेवणं, औषध अडवणं असं काही असेल तर वाट बघू नकोस, तेव्हा ११२.

तर आधी रात्रीच्या पाण्याची सोय बघ. म्हणजे तिला हे दिसलं पाहिजे की तो गेला तरी आभाळ कोसळत नाही. शेजारच्या काकूंकडे फोन आहे म्हणालीस, तर अर्धं काम झालंय. त्यांना सांग की रोज एका ठरलेल्या वेळी मावशीकडे डोकवा, काही विचारू नका, नुसतं डोकवा. जवळ ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्यांना मावशीच्या घरी चहाला पाठव, आम्ही जातो तसे, चार-पाच जण, गप्पा मारायला. संघ कुठे आहे हे पालिकेत किंवा पंचायतीत विचारलं तरी सांगतात, बागेतल्या बाकावर विचारलं तर अजून लवकर कळतं. पोलिस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते, पुतण्या दिवसभर बाहेर असतो म्हणजे मावशी दिवसा एकटीच, तिचं नाव त्यात नोंदवायला तक्रार लागत नाही, तिची संमती घे आणि नोंदव. बीटवरचा पोलिस अधूनमधून "आजी कशा आहात" विचारून गेला की घरातल्या माणसाच्या वागण्यात फरक पडतो. हे मी बघितलंय. रात्रीसाठी एखादी बाई मिळते का तेही विचारून ठेव, लावू नकोस लगेच, नाव आणि नंबर मावशीला एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे. उशीखाली ठेवेल ती तो कागद.

आणि बोलायचं तर एकटीशी, दिवसा, घाईत नसताना. "तो तुला फसवतोय" हे वाक्य तोंडातून काढू नको, कारण मग तिला त्याची बाजू घ्यावी लागेल. तुझ्या चष्म्याचं काय झालं, इथून सुरू कर. पेन्शन किती येते ते तिला माहितीये का विचार. बऱ्याच जणींना माहीत नसतं, आणि आकडा ऐकला की चेहरा बदलतो. मग थांब. तिला विचार करू दे. आमच्याकडे एक बाई होत्या, त्यांना हे बोलल्यावर पाच महिने लागले, पण बँकेत गेल्या त्या स्वतःच्या पायाने गेल्या, आणि मग कोणाला मागे वळायला लागलं नाही.

तुला पाच महिने नाहीत, रजिस्ट्रेशन आहे पुढच्या महिन्यात. म्हणून फक्त तारीख पुढे ढकल. भांडून नाही. "चष्मा झाल्यावर वाचते आणि मग करते", एवढंच तिने म्हणायचं. याला कोण नाही म्हणणार.

जुनी_वही

पारावरचे काका बरोबर बोलतायत. मी फक्त एवढंच वाढवतो की मावशी तयार झाल्या आणि बँकेत जायचं ठरलं तर मॅनेजरला आदल्या दिवशी फोन करून सांगा, वेगळ्या खोलीत बसवायला सांगा. काउंटरच्या रांगेत उभं राहून, सगळ्यांसमोर, कोणी म्हातारं माणूस "मला माझ्याच घरातल्याकडून कार्ड काढून घ्यायचंय" असं म्हणत नाही. आणि कार्ड-पिन आपणच दिलेला असेल तर आधी गेलेले पैसे बँक भरून देत नाही, तिथे वाद घालण्यात शक्ती घालवू नका. कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची, त्यामुळे कळवल्याची पोच, तारीख आणि वेळ टाकून, घेऊन या.

कडुनिंब

पंधरा दिवसांनी लिहितेय. मी चार दिवस रजा टाकून गेले. पुतण्याला म्हटलं तू जरा गावाकडे जाऊन ये, चार वर्षं हलला नाहीस, मी आहे. तो पहिल्या दिवशी नको नको म्हणाला, दुसऱ्या दिवशी गेला, आणि जाताना दारात म्हणाला "ताई, खरं म्हणजे मी पण दमलोय". मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी त्याच्याबद्दल जे ठरवून बसले होते ते तेवढं साधं नाहीये.

आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. काडीच नाही, नंबरही बदललाय, डॉक्टर म्हणाले दोन वर्षांपूर्वीच बदलायला हवा होता. चष्मा तिसऱ्या दिवशी मिळाला. पैसे मावशीने दिले, म्हणजे मी बँकेत नेलं तेव्हा तिने स्वतः स्लिप भरून काढले, थरथरत्या हाताने, सही दोनदा करावी लागली. मॅनेजर बाईंनी आत बसवलं. नंबर बदलून घेतला. कार्डाचं तिने ठरवलं नाहीये अजून, म्हणाली त्याला विचारते, मी गप्प बसले. पासबुक भरून मिळालं, ते तिने मांडीवर ठेवून रिक्षात सगळं वाचलं, एकही शब्द बोलली नाही. मी पण नाही बोलले. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मला वाटायचं पेन्शन बारा हजार आहे". ती बावीस आहे. शेजारच्या काकू आता रोज पाच वाजता येतात, आणि रात्रीच्या बाईंचा नंबर तिने खरंच उशीखाली ठेवलाय.

बक्षीसपत्राचा मसुदा कपाटात होता. मी काढला नाही, तिनेच काढला, शेवटच्या दिवशी दुपारी. खिडकीजवळ खुर्ची ओढून बसली आणि बोट ठेवून ओळ न ओळ वाचायला लागली. पहिल्या पानाला पाऊण तास लागला. मी आत भांडी घासत होते, मुद्दाम. मग हाक मारली. दुसऱ्या पानावर एका ओळीवर बोट तसंच धरून ठेवलं होतं.

"इथे लिहिलंय की घराचा ताबा आजच दिला. मी तर इथेच राहते ना गं?"

मी म्हटलं, हो, तू इथेच राहतेस. तिने कागदाची घडी घालून परत कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पुतण्या उद्या परत येतोय. ती म्हणते मीच विचारीन त्याला या ओळीबद्दल, तू मध्ये बोलू नकोस. तळटीप ताई, मृत्युपत्राचा एक साधा मसुदा कसा असतो ते तिने विचारलंय, मोठ्या अक्षरात मिळेल का?